२०५/५५ आर १६ ९१ व्ही: टायरच्या बाजूवरच्या मजकुराचं परीक्षण

टायरच्या बाजूवर साच्यातूनच उमटून येणारा मजकूर हे फार दुर्मीळ जातीचं माहितीपत्रक आहे. ते गाडीसोबत फिरतं, हरवत नाही, आणि विकणाऱ्याला त्यात सहजासहजी फेरफार करता येत नाही. टायर गाडीला बसेल का, वजन पेलेल का, किती वेगापर्यंत चालेल आणि किती जुना आहे, या चार प्रश्नांची खात्रीची उत्तरं त्यात आहेत. टायर चांगला आहे का, या पाचव्या प्रश्नाचं उत्तर मात्र जवळजवळ मिळत नाही. आणि एक आकडा तर तिथे अशा तऱ्हेने छापलेला असतो की तो वाचून लोक चुकीची हवा भरत राहतात. या मजकुराचे गुणदोष पाहण्यासाठी मध्यम आकाराच्या गाड्यांवर सर्रास दिसणारं एक माप घेऊ: २०५/५५ आर १६ ९१ व्ही.

२०५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, पण रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीची नव्हे. टायर ठरावीक रुंदीच्या रिमवर चढवायचा, हवा भरायची, त्यावर वजन न टाकता एका भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं, की हा आकडा येतो. उठावाची अक्षरं आणि रिम वाचवणारी कड त्यात धरत नाहीत. नक्षीचा पट्टा या आकड्यापेक्षा अरुंदच असतो. शिवाय हे नाममात्र माप असल्यामुळे दोन कंपन्यांचे २०५ शेजारी उभे केले तर काही मिलिमीटरचा फरक सहज दिसतो. चाकाच्या कमानीत आधीच जागा कमी असेल तर हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

मोजणीसाठी या मापाला साडेसहा इंच रुंदीची रिम धरतात. प्रत्यक्षात साडेपाच ते साडेसात इंचांपर्यंतची रिम चालते. रिम अर्ध्या इंचाने बदलली की टायरची रुंदी साधारण पाच मिलिमीटरनी बदलते. रिम फार अरुंद असेल तर भिंती बाहेर फुगतात आणि नक्षी मध्यभागी जास्त घासते. वळणावर गाडी डोलल्यासारखी वाटते. फार रुंद असेल तर भिंत ताणली जाते, रिमची कड उघडी पडते आणि हवा थोडी कमी झाली तरी बीड, म्हणजे रिमला धरून बसणारी टायरची कड, जागेवरून सुटण्याचा धोका राहतो. इतकी महत्त्वाची ही गोष्ट, पण चालणाऱ्या रिमच्या रुंदीचा उल्लेख बाजूवर सहसा नसतोच. तिथे १६ लिहिलेलं असतं, साडेसहा नसतं. या मजकुरातली ही मोठी उणीव आहे. त्यासाठी टायर कंपनीचा तक्ता उघडावा लागतो आणि रिमच्या मागच्या बाजूला ‘६.५ जे × १६’ असं काय कोरलंय ते वाचावं लागतं.

तिरक्या रेघेनंतरचे ५५ हे टक्के आहेत. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे २०५ × ०.५५ = ११२.७५ मिलिमीटर. टक्क्यांमुळे होणारी चूक अशी: ‘थोडा रुंद टायर टाकू’ म्हणून कुणी २२५/५५ आर १६ घेतो. ५५ तेच, १६ तेच, त्यामुळे उंची तीच राहील असं वाटतं. पण २२५ चे ५५ टक्के म्हणजे १२३.७५ मिलिमीटर. भिंत वरून ११ आणि खालून ११ मिलिमीटरनी वाढली आणि चाकाचा व्यास ६३१.९ वरून ६५३.९ मिलिमीटरवर गेला. रुंदी वाढवायची तर टक्के उतरवायला हवेत, हे त्या ओळीकडे नुसतं बघून कळत नाही. काही मापांत टक्क्यांचा आकडाच नसतो, जसं १६५ आर १३. तिथे जुन्या संकेतानुसार भिंत रुंदीच्या ८० ते ८२ टक्के समजायची.

‘आर’ म्हणजे रेडियल. आज गाडीच्या चार चाकांवर हेच अक्षर दिसणार. या जागी ‘डी’ किंवा नुसती आडवी रेघ असेल तर टायर आडव्या-तिरप्या थरांचा, जुन्या पद्धतीचा. एका धुरीवर दोन्ही जाती मिसळू नयेत, कारण वळताना दोन्हींचा लवचिकपणा वेगळा असतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

१६ हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा हा मेळ आहे, आणि तो सुधारण्याचा प्रयत्नही झालेला आहे. मिशेलिन कंपनीने १९७० च्या दशकात टीआरएक्स नावाने मिलिमीटरच्या रिमचे टायर आणले होते. त्यातलं ३९० मिलिमीटरचं माप सुमारे १५.३५ इंच भरतं, त्यामुळे ते १५ च्या किंवा १६ च्या साध्या रिमवर बसतच नाही. ती पद्धत रुळली नाही आणि जुन्या गाड्यांच्या मालकांना आज टायर शोधत फिरावं लागतं. व्यासाच्या बाबतीत ‘जवळपास’ असा शब्दच नसतो. काही जुन्या हलक्या मालवाहू गाड्यांना साडेसोळा इंची रिम असायची. त्यावर १६ चा टायर जोर करून चढवला की बीड बसत नाही, बसवण्यासाठी हवा वाढवत नेली जाते, आणि बीडमधली तार तुटून टायर फुटतो. अशा स्फोटांत माणसं दगावलेली आहेत. टायरवरचा आणि रिमवरचा व्यास दोन्ही डोळ्यांनी वाचून मगच टायर मशीनवर चढवू द्यावा.

आता तिन्ही आकडे जोडून चाकाचा पूर्ण व्यास काढता येतो, आणि इथे या खुणा खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात. भिंतीची उंची दुप्पट करायची आणि त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवायचा. १६ × २५.४ = ४०६.४. त्यात २२५.५ मिळवले की ६३१.९ मिलिमीटर. हाच हिशेब १९५/६५ आर १५ चा केला तर ६३४.५ येतो आणि २२५/४५ आर १७ चा ६३४.३. तीन वेगवेगळी मापं, तीन वेगवेगळ्या रिमा, पण व्यासात अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. म्हणूनच एकाच गाडीच्या साध्या, मधल्या आणि महागड्या आवृत्त्यांवर ही तिन्ही मापं दिसतात. रिम इंचाने वाढली की भिंत तेवढी बुटकी होते. तिचे परिणाम ठरलेले: स्टिअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो, पण खड्ड्यात रिम वाकण्याची आणि भिंतीला फुगा येण्याची शक्यता वाढते. रस्ता खराब असेल तर आमचा कौल सरळ सरळ उंच भिंतीच्या बाजूने आहे.

व्यास चुकला तर काय बिघडतं? २०५/५५ आर १६ च्या जागी २१५/६० आर १६ टाकला की व्यास ६६४.४ होतो, ५.१ टक्के जास्त. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. काटा १०० दाखवत असताना गाडी खरं तर १०५ ने धावत असते आणि धावलेल्या अंतराची नोंदही तेवढीच कमी होते. गाडी १६ मिलिमीटरनी उंच होते, पण चाकाच्या वरच्या बाजूची जागाही तेवढीच कमी होते. पूर्ण वजन भरून खड्ड्यातून जाताना किंवा स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर टायर आतल्या अस्तराला घासतो. इंजिनाला प्रत्येक गिअरमध्ये जास्त ओढ घ्यावी लागते, चढावर ते जाणवतं. म्हणून मूळ व्यासापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त फरक घेऊ नये असं आमचं मत आहे. मोठ्या बाजूला तर दीड टक्क्यावरच थांबावं. सर्वत्र तीन टक्क्यांची मर्यादा सांगतात, पण त्यात नवा आणि घासलेला टायर यांच्यातला फरक धरलेला नसतो. नक्षी ८ मिलिमीटरवरून ३ वर आली की व्यास १० मिलिमीटरनी, म्हणजे या मापात सुमारे १.६ टक्क्यांनी, तसाही घटतो. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एकच टायर नवा टाकला तर नेमका हाच फरक मधल्या गिअरपेटीला सतत सोसावा लागतो. माप चारही टायरांवर एकच असतं, तरीही. बाजूवरचा मजकूर याबद्दल काही सांगत नाही.

मापानंतर येणारे ‘९१ व्ही’ हे दोन शब्द विकत घेताना सर्वांत जास्त दुर्लक्षिले जातात. दुकानात ‘दोनशे पाच पंचावन्न सोळा द्या’ म्हणून माणूस थांबतो. खरं तर तिथून पुढेच सुरक्षेचा भाग सुरू होतो.

९१ हा भारांक आहे. हे किलो नाहीत. हा तक्त्यातला क्रमांक आहे आणि तो एका टायरपुरता आहे. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५, ९४ म्हणजे ६७०, ९५ म्हणजे ६९०, ९८ म्हणजे ७५० आणि १०० म्हणजे ८००. पायऱ्या समान नाहीत, म्हणून ‘तीनचाच तर फरक आहे’ असं म्हणणं महागात पडतं: ९१ ऐवजी ८८ घेतला तर प्रत्येक चाकामागे ५५ किलो आणि गाडीमागे २२० किलो क्षमता जाते. म्हणजे जवळजवळ तीन धडधाकट माणसं. गाडीच्या पाटीवर धुरीचं कमाल वजन दिलेलं असतं. ते १,१०० किलो असेल तर एका टायरवर ५५० किलो येणार, आणि कागदावर ८८ पुरेल. तरीही वाहन कंपनीने ९१ सांगितला असेल तर ९१ च्या खाली जाऊ नये, कारण वळणावर आणि ब्रेक लावताना वजन चारही चाकांवर सारखं वाटलेलं नसतं. क्षमतेपेक्षा जास्त भार पडलेला टायर लगेच फुटत नाही. भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त लवते, रबर तापतं, पोलादी पट्टे आणि रबर यांच्यातली पकड सैल होत जाते, आणि मग एखाद्या लांब, तापलेल्या प्रवासात नक्षीचा थर सोलून निघतो. कारण महिन्यांपूर्वीचं असतं, परिणाम त्या दिवशी दिसतो.

याच मापात ‘९४ व्ही एक्सएल’ असाही टायर मिळतो. काही कंपन्या ‘एक्सएल’ ऐवजी ‘एक्स्ट्रा लोड’ किंवा ‘रीइन्फोर्स्ड’ असं पूर्ण लिहितात. याचा सांगाडा जास्त दाबासाठी बांधलेला असतो. युरोपीय संकेतात साध्या टायरचा भारांक २५० किलोपास्कलवर, म्हणजे ३६ पीएसआयवर गृहीत धरतात आणि एक्सएलचा २९० किलोपास्कलवर, म्हणजे ४२ पीएसआयवर. इथे फसगत होते. एक्सएल टायर घेऊन त्यात जुन्या सवयीने पूर्वीइतकीच हवा भरली तर तो साध्या टायरपेक्षा जास्त वजन पेलत नाही. काही वेळा किंचित कमीच पेलतो. जादा क्षमता हवेतून येते, टायर फक्त ती हवा धरून ठेवतो. गाडीला एक्सएल सांगितलेला असेल तर साधा टायर घालू नये. साधा सांगितला असताना एक्सएल घातला तर चालतो, फक्त गाडी थोडी कडक चालते.

‘सी’ हे अक्षर मापाच्या शेवटी असेल, जसं १९५/७० आर १५ सी १०४/१०२, तर टायर व्हॅन आणि हलक्या मालवाहू गाड्यांसाठी आहे. दोन भारांक यासाठी की पहिला एकेरी चाकाचा (९०० किलो) आणि दुसरा जोडचाकातल्या प्रत्येक टायरचा (८५० किलो). मालवाहू व्हॅनवर कारचा टायर टाकून पैसे वाचवणाऱ्यांना माप जुळल्याचं समाधान मिळतं, भार मात्र जुळत नाही.

‘व्ही’ ही वेगाची मर्यादा: ताशी २४० किलोमीटर. बाकीची नेहमीची अक्षरं अशी: क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९०, यू २००, एच २१०, डब्ल्यू २७०, वाय ३००. क्रम बहुतेक वर्णमालेचा आहे, फक्त ‘एच’ मध्येच घुसलेला. मापातच ‘झेडआर’ असेल तर २४० च्या वर, आणि नेमकी मर्यादा शेवटच्या अक्षरात बघायची. ‘वाय’ कंसात असेल तर ३०० च्याही वर. ‘मी कुठे दोनशेने जातो’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण हे अक्षर उष्णता सोसण्याची परीक्षा सांगतं, आणि वाहन कंपनीने सस्पेन्शन जुळवताना त्याच कडकपणाचा टायर धरलेला असतो. शिवाय भारांक आणि वेग एकमेकांत गुंतलेले आहेत. व्ही टायरची पूर्ण भारक्षमता ताशी २१० पर्यंतच मिळते, २४० ला ती ९१ टक्क्यांवर येते. मूळ अक्षरापेक्षा वरचं घेतलं तर हरकत नाही, खालचं घेऊ नये.

आता त्या फसव्या आकड्याकडे. बाजूवर बारीक अक्षरांत ‘मॅक्स लोड ६१५ केजी, मॅक्स प्रेस ३५० केपीए, ५१ पीएसआय’ अशा धर्तीची ओळ असते. कारच्या टायरवर हा आकडा बहुधा ४४ किंवा ५१ पीएसआय असतो. ही टायरची सोसण्याची कमाल मर्यादा आहे, भरण्याची हवा नव्हे. गाडीला किती हवा लागते ते टायरला ठाऊकच नसतं, कारण तोच टायर हलक्या हॅचबॅकवरही बसतो आणि जड सेदानवरही. खरा आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पाटीवर, इंधनाच्या झाकणाच्या आत किंवा पुस्तिकेत असतो. पुढच्या-मागच्या चाकांचा आणि कमी-जास्त भाराचा वेगवेगळा. ५१ वाचून ४८ भरणाऱ्याचा टायर फक्त मध्यभागी टेकतो, मधली नक्षी आधी संपते, ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढतं आणि खड्ड्यातला धक्का भिंतीने गिळायचा तो सस्पेन्शनवर जातो. या ओळीचा हेतू चांगला आहे, पण त्याशेजारी ‘गाडीची पाटी पाहा’ एवढे शब्द प्रत्येक टायरवर ठळक असते तर बरंचसं नुकसान टळलं असतं. मजकुराला आम्ही सर्वांत कमी गुण देतो ते या जागी. पाटीवरचा दाब थंड टायरचा असतो: गाडी तीन तास उभी असावी किंवा दोन किलोमीटरहून कमी चाललेली असावी. तापलेल्या टायरची ‘वाढलेली’ हवा काढून टाकू नये. थंड झाल्यावर ती कमी पडते.

तारखेची खूण मात्र अप्रतिम आहे. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लांबट चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५२२ म्हणजे २०२२ चा पस्तिसावा आठवडा, ऑगस्टची अखेर. तीनच अंक असतील तर टायर २००० पूर्वीचा. तो कितीही चकचकीत दिसला तरी गाडीवर चढवू नये. तारीख बऱ्याचदा एकाच बाजूला पूर्ण असते. बाहेर अर्धवट ओळ दिसली तर ती आतल्या बाजूला आहे, म्हणून टायर रिमवर चढण्याआधीच बघून घ्यावी. साच्यात हे अंक सुट्या तुकड्याने बसवतात, त्यामुळे चौकटीची बारीक रेघ दिसणं स्वाभाविक आहे. अंकांभोवतीचं रबर घासलेलं, वेगळ्या रंगाचं किंवा पुन्हा डागलेलं दिसलं तर तो टायर परत करावा.

किती जुना चालेल यावर एकमत नाही. काही वाहन कंपन्या सहा वर्षांनी बदलायला सांगतात. काही टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही उरली तरी निरोप, असं सांगतात. नीट साठवलेला, वर्षभरापूर्वीचा नवा टायर घ्यायला काही हरकत नाही. उन्हात टांगून ठेवलेला सहा महिन्यांचा टायर त्याहून वाईट असू शकतो. स्टेपनीची तारीख तर कुणी बघतच नाही. वर्षानुवर्षं डिकीत पडून राहिल्याने नक्षी कोरी असते आणि रबर म्हातारं झालेलं असतं. छोट्या, तात्पुरत्या स्टेपनीवर मापाआधी ‘टी’ असतो, हवा ६० पीएसआय आणि वेग ताशी ८० असं बाजूलाच लिहिलेलं असतं. ते साठ इथे खरोखर भरायचे असतात.

गुणवत्तेबद्दल मजकूर थोडंफार बोलायचा प्रयत्न करतो तो ‘ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेंपरेचर’ या तीन शब्दांत. ही अमेरिकी प्रतवारी आहे. ट्रेडवेअर ४०० म्हणजे प्रमाण टायरच्या, म्हणजे १०० च्या, चौपट टिकाऊ असा दावा. पण आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांची करायला कच्चा. ट्रॅक्शनमध्ये ‘एए’ सर्वांत वर आणि ‘सी’ सर्वांत खाली, पण ही फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावण्याची चाचणी आहे. वळणावरची पकड आणि साचलेल्या पाण्यावर तरंगणं यात येत नाही. उष्णतेची ‘सी’ श्रेणी किमान पात्रता समजावी. ओल्या पकडीची आणि इंधनबचतीची जास्त नेमकी श्रेणी युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या टायरच्या कागदी लेबलवर मिळते; मे २०२१ पासून ती ए ते ई अशी आहे. पण कागद फाटून जातो, टायरवर तिचा मागमूस राहत नाही.

वर्तुळातलं ‘ई’ आणि त्यापुढचा आकडा ही मंजुरीची खूण. आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा आहे (१ जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्स), प्रतीचा नाही, म्हणून ई ४ हा ई १ पेक्षा चांगला किंवा वाईट नसतो. ‘एम+एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ, पण ती नक्षीवरून लावलेली खूण आहे. बर्फात चाचणी उत्तीर्ण झालेल्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चित्र असतं. हिमवर्षावात गाडी चालवायची असेल तर हे चित्रच शोधावं. तारका, ‘एमओ’, ‘एओ’, ‘एन०’ अशा खुणा अनुक्रमे बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी आणि पॉर्श यांच्यासाठी जुळवलेल्या टायरवर असतात. त्या गाड्यांचे मालक एका धुरीवर तरी खूण मिसळू देत नाहीत, ते योग्यच करतात.

पंक्चर होऊनही काही अंतर चालणाऱ्या टायरच्या खुणांचा मात्र पार गोंधळ आहे. कुणी ‘आरएफटी’, कुणी ‘आरओएफ’, कुणी ‘एसएसआर’, कुणी ‘झेडपी’ लिहितो. त्यात भर म्हणजे नुसतं ‘आरएफ’ अनेक ठिकाणी ‘रीइन्फोर्स्ड’साठी वापरतात. भार आणि वेगाबाबत इतकी शिस्त पाळणाऱ्या उद्योगाने इथे एक समान चिन्ह ग्राहकाच्या डोळ्यांसमोर ठेवायला हवं होतं.

टायर बसवताना दोन खुणा प्रत्यक्ष कामाच्या. बाण आणि ‘रोटेशन’ लिहिलं असेल तर गाडी पुढे जाताना चाक त्या दिशेने फिरलं पाहिजे. उलटा बसवला तर नक्षी पाणी बाहेर फेकण्याऐवजी मध्यभागी ओढते. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरून दिसली पाहिजे. नव्या टायरवर रंगीत ठिपकेही असतात. पिवळा टायरच्या हलक्या जागेचा, तो व्हॉल्व्हशी जुळवतात; लाल ठिपका टायर सर्वांत ताठ भरतो त्या जागेचा, तो रिमवरच्या सर्वांत खोल जागेच्या खुणेशी. दोन्ही असतील आणि रिमवर खूण असेल तर लाल आधी. हे नीट जुळवलं तर बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात.

नक्षीच्या खोबणीत १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात आणि खांद्यावर ‘टीडब्ल्यूआय’ किंवा त्रिकोण त्यांची जागा दाखवतो. पट्टी नक्षीच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसात ३ मिलिमीटरवरच बदलणं शहाणपणाचं, कारण पाणी उपसायची ताकद त्याआधीच बरीच गेलेली असते.

टायर चढवून झाल्यावर पैसे देण्याआधी रिमच्या कडेलगत टायरवर असलेली बारीक गोल रेघ पाहावी. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका ठिकाणी आत गेलेली असेल तर बीड पूर्ण बसलेला नाही आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी चाक थरथरणार. तेव्हा हवा पूर्ण काढून, बीडला वंगण लावून पुन्हा बसवायला सांगावं. दाब वाढवून तो ‘ठोक’ आवाज काढायचा प्रयत्न करू देऊ नये. बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नका, ही सूचनाही बहुतेक टायरांच्या बाजूवरच छापलेली असते, मशीनवर काम करणाऱ्याच्या बोटाखाली.